कॅमेऱ्यात काय ठरते आणि नंतर काय घडवता येते

एखादे छायाचित्र पाहून आपण थबकतो आणि शेजारचे कोणीतरी लगेच विचारते, "हे खरेच असे दिसत होते, की नंतर केले आहे?" या प्रश्नामागे एक समजूत असते, ती अशी की कॅमेऱ्यात उमटते ते अस्सल आणि संगणकावर नंतर केले जाते ती रंगरंगोटी. याच्या अगदी उलट समजूतही तितकीच पसरलेली आहे: हल्ली फोटो कसाही काढला तरी चालतो, उरलेले सॉफ्टवेअर सांभाळून घेते. मला या दोन्ही समजुती चुकीच्या वाटतात. छायाचित्र तयार होताना कोणता निर्णय कोणत्या टप्प्यावर घेतला जातो, त्यांतला कोणता मागाहून फिरवता येतो आणि कोणता एकदा घेतला की कायमचा होतो, हे नीट उलगडले की या वादातला बराचसा गोंधळ निवळतो आणि नव्याने शिकणाऱ्याला आपली मेहनत कुठे घालायची हेही कळते. म्हणून या लेखात मी 'कौशल्य की एडिटिंग' असा प्रश्न न विचारता 'फिरवता येणारे काय आणि न येणारे काय' असा विचारणार आहे.

सुरुवात सेन्सरपासून करू. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर लक्षावधी सूक्ष्म प्रकाशकोश ओळीने मांडलेले असतात. अंगणात एकाला एक लागून वाट्या मांडून ठेवाव्यात आणि पाऊस सुरू झाल्यावर ठरावीक वेळ त्या उघड्या ठेवाव्यात, तसेच काहीसे शटर उघडल्यावर घडते. प्रत्येक वाटीत किती पाणी जमले एवढेच मोजले जाते आणि त्या मोजणीतून चित्र उभे राहते. एखादी वाटी काठोकाठ भरून वाहू लागली, तर त्यानंतर तिच्यात किती पाऊस पडला हे कोणालाही सांगता येणार नाही, कारण भरलेली वाटी फक्त 'भरलेली' असते. छायाचित्रात अशा जागा निव्वळ पांढऱ्या येतात, आणि 'हायलाइट जळाले' असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. दुसऱ्या टोकाला, ज्या वाटीत दोनचारच थेंब पडले, तिची मोजणी बेभरवशाची असते. प्रकाश फोटॉन नावाच्या सुट्या कणांनी येतो आणि ते कण काही शिस्तीत रांगेने येत नाहीत. सरासरी १०,००० फोटॉन मिळणाऱ्या कोशात चढउतार साधारण १०० चा असतो, म्हणजे १ टक्का. पण सरासरी १०० फोटॉन मिळणाऱ्या कोशात तो १० चा, म्हणजे १० टक्के असतो. अंधाऱ्या भागात दिसणारा दाणेदारपणा, ज्याला नॉइज म्हणतात, तो प्रामुख्याने इथून येतो. चांगल्या कॅमेऱ्यातही तो असतोच, कारण तो प्रकाशाच्या स्वभावातच आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण 'अस्सल' या शब्दाचा भ्रम तिच्यामुळे दूर होतो. प्रकाशकोशाला स्वतःला रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक कोशावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकेक रंगाचा इवलासा फिल्टर बसवलेला असतो. ही मांडणी कोडॅक कंपनीतले ब्राइस बायर यांनी शोधली आणि तिचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले. तिच्यात निम्मे कोश हिरवे आणि पाव पाव कोश लाल व निळे असतात. याचा अर्थ असा की कोणत्याही एका बिंदूपाशी कॅमेऱ्याने तीनपैकी एकच रंग खरोखर मोजलेला असतो, आणि उरलेले दोन शेजारच्या कोशांवरून हिशेबाने काढलेले असतात. त्यानंतर त्या कच्च्या आकड्यांना उजळपणा, कॉन्ट्रास्ट, रंगांचा गडदपणा आणि धारदारपणा दिल्याशिवाय ते पाहण्याजोगे चित्र होतच नाही. कॅमेऱ्यातून थेट निघालेली जेपेग फाइल 'काहीही न केलेली' असते असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. तिच्यावरही संस्करण, म्हणजे एडिटिंग, झालेले असते, फरक इतकाच की त्यातले निर्णय कॅमेरा बनवणाऱ्या अभियंत्यांनी आधीच घेऊन ठेवलेले असतात. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे जपून ठेवणारी फाइल, वापरणारा तेच निर्णय आपल्या हाती घेतो. तेव्हा संस्करण करायचे की नाही हा पर्याय मुळात आपल्यापुढे नसतोच, ते कोणाच्या मर्जीने व्हावे एवढेच ठरवायचे असते.

रॉ आणि जेपेग यांतला फरक आकड्यांत पाहिला तर पटकन कळतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगासाठी उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. मात्र या पायऱ्या सारख्या वाटलेल्या नसतात. छायाचित्रणात उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याला एक स्टॉप म्हणतात. सेन्सरची मोजणी सरळ चढत्या प्रमाणात होते, त्यामुळे सर्वांत उजळ असलेल्या एका स्टॉपच्या वाट्यालाच १६,३८४ पैकी ८,१९२ पायऱ्या जातात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, त्याखाली २,०४८, आणि असे निम्मे निम्मे होत दहाव्या स्टॉपपर्यंत पोहोचावे तर तिथे जेमतेम १६ पायऱ्या उरतात. म्हणून अंधारात बुडालेला भाग मागाहून उजळ करायला गेले की तिथे चट्टे आणि दाणे दिसू लागतात. अनुभवी छायाचित्रकार हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, पाहून एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू दिलेला प्रकाश, उजव्या कडेच्या जवळ, पण कडेला न धडकता ठेवण्याची धडपड करतात ती यासाठीच. हे कौशल्य कॅमेऱ्याचे म्हणावे की संस्करणाचे? क्लिक करतानाच्या निर्णयामागे पुढच्या कामाची जाण असते, त्यामुळे मला तरी या दोहोंमध्ये भिंत उभी करता येत नाही.

एका खिडकीपाशी

हे सगळे मला पुस्तकातून वाचून फारसे उमगले नव्हते. ते उमगले एका फसलेल्या फ्रेममुळे. एक वयस्कर गृहस्थ खिडकीशेजारच्या टेबलापाशी बसून जुने मनगटी घड्याळ उघडून दुरुस्त करत होते. अंगात पांढरा सदरा, एका डोळ्याला भिंग, हातात बारीक चिमटा, आणि खोलीत त्या एका खिडकीखेरीज दुसरा उजेड नाही. मी कॅमेऱ्याच्या मीटरवर, म्हणजे उजेड मोजून एक्स्पोजर सुचवणाऱ्या यंत्रणेवर, विसंबून पहिली फ्रेम १/६० सेकंदाला घेतली. मीटरला समोर माणूस आहे की भिंत हे कळत नसते. समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करडी यावी एवढेच गणित त्याला शिकवलेले असते, म्हणून बर्फ त्याला करडे करावेसे वाटते आणि काळे मांजरही करडे करावेसे वाटते. इथे खोलीचा बराच भाग काळोखा होता, तेव्हा त्याने उजेड वाढवला आणि खिडकीकडचा सदऱ्याचा खांदा जळून गेला. दुसरी फ्रेम मी बाकी काही न बदलता १/२५० सेकंदाला घेतली, म्हणजे दोन स्टॉप कमी, एक चतुर्थांश प्रकाशात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिली फ्रेम प्रसन्न दिसत होती आणि दुसरी उदास, काळवंडलेली.

संगणकावर दोन्ही उघडल्या तेव्हा निकाल उलटा लागला. पहिल्या फ्रेममधल्या खांद्याचा उजेड खाली आणायला मी सॉफ्टवेअरमधली हायलाइटची, म्हणजे उजळ भाग कमीजास्त करणारी, पट्टी पूर्ण ओढली. खांदा पांढऱ्याचा करडा झाला, पण त्या करड्यात कापडाचा एकही धागा नव्हता, शिवण नव्हती, चुणी नव्हती. नुसता एक सपाट डाग. तिथे माहिती नोंदलीच गेली नव्हती, मग ती येणार कुठून? शिवाय १/६० सेकंदात चिमटा धरलेल्या बोटांची टोके किंचित हलली होती. दुसऱ्या फ्रेममध्ये खांद्यावरचे विणकाम सगळे शाबूत होते, बोटे लख्ख होती, आणि चेहरा जवळजवळ दीड स्टॉपने वर आणल्यावर थोडे दाणे दिसले खरे, पण गालावरच्या सुरकुत्या, भिंगाच्या कडेवरची चकाकी, पापणीची सावली, सगळे जागेवर होते. माझ्या लेखी चांगले छायाचित्र दुसरेच होते, आणि ते चांगले आहे हे संस्करण केल्याशिवाय कोणालाही दिसले नसते.

पुढे त्याच फाइलवर मी एक चूकही केली. सावल्या उघडता येतात हे नवेनवे कळले होते, म्हणून त्या उघडतच गेले. मागच्या भिंतीवरची खुंटी दिसू लागली, टेबलाखालचे पेटारे दिसू लागले, कोपऱ्यातली वायर दिसू लागली. आणि त्या प्रत्येक गोष्टीबरोबर खिडकीतल्या उजेडाची किंमत कमी होत गेली. दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेने पाहिले तेव्हा ते छायाचित्र भर दुपारी दिवे लावलेल्या खोलीचे वाटले. सावली निम्म्याहून अधिक परत आणली, हातांवर सॉफ्टवेअरमधल्या ब्रशने अगदी थोडा उजेड दिला, टेबलाच्या कडेला चमकणारे पत्र्याचे झाकण किंचित गडद केले, आणि नजर पुन्हा घड्याळाकडे जाऊ लागली.

जे मागाहून आणता येत नाही

या अनुभवातून निघालेली विभागणी आता थोडी विस्ताराने मांडते. फिरवता न येणाऱ्या निर्णयांत पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित निर्णय म्हणजे आपण उभे कुठे राहतो. पुष्कळांना वाटते की दृश्यातली खोली, म्हणजे जवळच्या-दूरच्या गोष्टींचे प्रमाण, लेन्समुळे बदलते. प्रत्यक्षात ती बदलते अंतरामुळे. चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर उभे राहिले तर नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याला प्रमाणाने बरेच जवळ असते, म्हणून ते मोठे दिसते; तीन मीटरवर गेले की नाक आणि कान यांच्या अंतरांतला फरक नगण्य होतो आणि चेहरा आटोपशीर दिसतो. लेन्स फक्त त्या दृश्याचा किती भाग चौकटीत घ्यायचा हे ठरवते. क्रॉप करून चौकट लहान करता येते, पण डोंगरापुढचे झाड दोन पावले डावीकडे सरकवता येत नाही. दोन पावले आपणच चालावी लागतात. आणि क्रॉपचीही किंमत असते: २४ मेगापिक्सेलच्या फाइलची लांबी-रुंदी निम्मी केली की हाती ६ मेगापिक्सेल उरतात.

दुसरी गोष्ट प्रकाशाची दिशा. उजेड किती आहे हे नंतर कमीजास्त करता येते, पण तो कुठून येतो हे बदलता येत नाही. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत पडलेली काळी सावली उजळली तरी तिचा आकार तोच राहतो, आणि बाजूने आलेल्या कोवळ्या उन्हात झाडाच्या सालीवर उठून दिसणारा खडबडीतपणा कॉन्ट्रास्ट वाढवून निर्माण होत नाही, कारण तो खडबडीतपणा दिसतो तोच मुळी प्रत्येक उंचवट्याच्या पलीकडच्या बाजूला पडलेल्या सावलीमुळे. एखाद्या जागी पोहोचल्यावर कॅमेरा बाहेर काढण्याआधी उजेड कुठून येतो आहे हे पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याने संस्करणातले कितीतरी तास वाचवले असे मी समजते.

तिसरी गोष्ट वेळ, आणि ती दोन अर्थांनी. एक म्हणजे शटर किती वेळ उघडे राहिले: १/१००० सेकंदात कोसळणाऱ्या पाण्याचे थेंब हवेत गोठतात, पूर्ण एका सेकंदात तेच पाणी धुक्यासारखे मऊ होते, आणि यांतले एक दुसऱ्यात खात्रीने बदलणारी पट्टी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. हललेला फोटो धारदार करू पाहणारी साधने कडा ठळक करतात, पण जो तपशील पुसटला तो त्यांना माहीत नसतो. दुसरा अर्थ क्षणाचा आहे. मान वळणे, हसू ओठांवर येण्याआधी डोळ्यांत दिसणे, दोन माणसांच्या हातांमध्ये इंचभर अंतर उरणे, हे सगळे एकदाच घडते. त्याविषयी याहून अधिक समजावण्यासारखे काही नाही; ते थांबून, पाहून आणि पुष्कळ वेळा हुकूनच अंगवळणी पडते.

फोकस आणि पार्श्वभूमीचा धूसरपणा यांच्याबाबत थोडी गंमत आहे. मोठ्या अॅपर्चरने, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राने, समजा एफ २ ने, मिळणारा धूसरपणा अंतरानुसार हळूहळू वाढत जातो, आणि फोनमधला पोर्ट्रेट मोड त्याची नक्कल करतो ती अंतराचा नकाशा तयार करून. नकाशा चांगला असेल तर फसवणूक जमते, पण केसांच्या सुट्या बटा, चष्म्याच्या काचेची कड, बोटांमधली फट अशा जागी तो चुकतो आणि कापून चिकटवल्यासारखे दिसू लागते. पोलरायझर फिल्टरची गोष्ट याहून स्पष्ट आहे. पाणी, काच किंवा ओले पान यांवरून परावर्तित झालेला प्रकाश काही कोनांत एकाच दिशेने कंप पावणारा असतो, आणि लेन्सपुढे हा फिल्टर योग्य कोनात फिरवला की तो अडतो आणि पाण्याखालचे दगड दिसू लागतात. सेन्सर मात्र प्रकाशाची ही कंपनदिशा नोंदवत नाही, त्यामुळे घरी येऊन तो भाग वेगळा काढण्याचा मार्ग उरत नाही. निळे आकाश गडद करणे नंतरही जमते. पाण्यावरची चमक काढून तळ दाखवणे जमत नाही.

याउलट काही गोष्टी कॅमेऱ्यात बिनचूक करण्याचा हट्ट मला व्यर्थ वाटतो. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून प्रकाशाच्या रंगछटेनुसार केलेला मेळ, ही केवळ एक सूचना असते. प्रकाशाची रंगछटा केल्व्हिनमध्ये मोजतात; मेणबत्तीचा प्रकाश साधारण १,९०० केल्व्हिनचा आणि दुपारच्या उन्हाचा ५,५०० च्या आसपासचा, हे माहीत असणे चांगले, पण चुकीचा आकडा निवडला म्हणून सेन्सरवर नोंदलेले काही नष्ट होत नाही. तेच रंगांच्या गडदपणाचे आणि कृष्णधवल रूपांतराचे. उलट कृष्णधवल करताना कोणत्या रंगाला किती उजळ करड्यात आणायचे हे रॉ फाइलवर शांतपणे ठरवता येते. क्षितिजाचा एखाद्या अंशाचा कलही सहज सरळ होतो, तो बघण्यात क्षण घालवू नये.

हा वाद संगणकाहून जुना आहे

संगणकाने छायाचित्रण बिघडवले असे म्हणणाऱ्यांनी १८५० च्या दशकाकडे पाहावे. त्या काळच्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या, त्यामुळे समुद्र नीट यावा एवढे एक्स्पोजर दिले की आकाश कोरे पांढरे होऊन जाई. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास यावर उपाय काढला: समुद्राची एक निगेटिव्ह, ढगांची दुसरी, आणि क्षितिजरेषेपाशी दोन्ही जोडून एकच प्रिंट. ते पाहून लोक थक्क झाले. १८५७ मध्येच ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र छापून एक भव्य प्रसंगचित्र तयार केले आणि त्यावर मोठा वादही झाला. आज आपण दोनतीन एक्स्पोजर जोडून ज्याला एचडीआर म्हणतो, त्यामागची गरज ल ग्रे यांच्यापुढे होती तीच आहे: दृश्यातल्या उजेडाचा पल्ला माध्यमाच्या पल्ल्याहून मोठा आहे.

या चर्चेत अॅन्सेल अॅडम्स यांचे नाव येतेच, आणि ते योग्यही आहे. १९४१ च्या शरद ऋतूत न्यू मेक्सिकोमधल्या हर्नांडेझ या वस्तीजवळून जाताना त्यांना पूर्वेला चंद्र उगवलेला आणि मावळत्या सूर्याचे ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलेले दिसले. ८ × १० इंचांचा अवजड कॅमेरा त्यांनी घाईघाईने उभा केला, पण एक्स्पोजर मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्यांना पाठ होते. त्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि एफ ३२ ला एक सेकंदाचे एक्स्पोजर दिले. सावधगिरी म्हणून दुसरी फ्रेम घ्यावी म्हणून त्यांनी फिल्मची चौकट उलटी केली तोवर क्रुसांवरचे ऊन गेले होते. कॅमेऱ्यातले कौशल्य म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या निगेटिव्हमधला पुढचा भाग, म्हणजे गाव आणि जमीन, फार पातळ आला होता आणि तिच्यावरून समाधानकारक प्रिंट काढणे त्यांना जड जाई. १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या त्या भागावर रसायनाने प्रक्रिया करून तो सघन केला. त्यानंतर वर्षानुवर्षे ते तिच्या प्रिंट काढत राहिले, काही भाग डॉजिंगने उजळत, काही बर्निंगने गडद करत. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाशात फिकट ढगांचे पट्टे दिसतात. उत्तरकाळातल्या प्रिंटांत आकाश जवळजवळ काळे झाले आहे आणि त्या काळ्यावर चंद्र ठसठशीत उभा आहे. अॅडम्स स्वतः पियानोवादक होते आणि निगेटिव्हला संगीतकाराने लिहिलेल्या स्वरलिपीची आणि प्रिंटला तिच्या सादरीकरणाची उपमा देत. मला ती उपमा पटते, कारण तिच्यात दोन्ही बाजूंची मर्यादा आहे: स्वरलिपीत जे लिहिलेच नाही ते वादक वाजवू शकत नाही, आणि जे लिहिले आहे ते वाजवल्यावाचून ऐकू येत नाही.

डॉजिंग आणि बर्निंग म्हणजे काय, हेही सांगते. डार्करूममध्ये निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पडत असताना तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये धरून एखाद्या भागावर कमी प्रकाश पडू दिला की तो भाग उजळ राहतो, हे डॉजिंग. आणि मुठीतून किंवा पुठ्ठ्यातल्या भोकातून एखाद्याच भागावर जास्त प्रकाश पडू दिला की तो गडद होतो, हे बर्निंग. १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली, आणि या साधनांची नावेच नव्हेत तर चिन्हेही त्याने डार्करूममधून उचलली, म्हणूनच आजही तिथे काडीवरची चकती आणि वळवलेली मूठ दिसते.

मग चांगले संस्करण नेमके काय करते? आपण एखाद्या दृश्याकडे पाहतो तेव्हा डोळे सतत हलत असतात, बाहुली उजेडानुसार लहानमोठी होते आणि मेंदू त्या तुकड्यांतून एक अखंड अनुभव जुळवतो. कॅमेरा मात्र एकाच एक्स्पोजरमध्ये, सगळीकडे सारख्याच नजरेने पाहतो. त्यामुळे माणसाला जे महत्त्वाचे वाटले ते आणि जे वाटले नाही ते, फाइलमध्ये एकाच पंक्तीला बसलेले असते. संस्करणात आपण ते महत्त्व परत मांडतो: इथे थोडा उजेड, तिथे थोडी सावली, एका कोपऱ्यातला भडक रंग किंचित शांत. एकेक बदल वेगळा दाखवला तर नजरेतही भरू नये इतका लहान असतो. याच्या विरुद्ध, अतिरेक ओळखायची खूण अशी की सगळेच एकदम बोलू लागते. पाने, ढग, दगड, चेहरा सारख्याच धारेचे; डोंगराच्या कडेभोवती पांढरी झालर; त्वचेवर एकही रंध्र नाही; आणि सूर्य समोर असूनही समोरच्या वस्तूंवर सावली नाही. शेवटची खूण मला सर्वांत बोलकी वाटते, कारण प्रकाशाचे नियम मोडले की का ते न कळूनही पाहणाऱ्याचे मन साशंक होते.

मर्यादा कोणत्या कामासाठी

आतापर्यंत मी काय जमते याबद्दल बोलले. काय करावे हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर छायाचित्र कशासाठी आहे यावर ठरते. भिंतीवर लावायच्या चित्रात दोन आकाशे जोडली तर कोणाचे काही बिघडत नाही. बातमीच्या छायाचित्रात मात्र वाचक त्याकडे पुरावा म्हणून पाहतो. नॅशनल जिओग्राफिक मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून संगणकाच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकवले, तेव्हा मोठी टीका झाली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१४ मध्ये एका पुरस्कारप्राप्त छायाचित्रकाराशी संबंध तोडले, कारण सीरियातल्या युद्धाच्या एका छायाचित्रात कोपऱ्यात दिसणारा सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा त्याने पुसला होता. कॅमेरा बातमीच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा होता, पण पुसण्याची मुभा दिली की ती कुठे थांबवायची हे सांगता येत नाही, आणि म्हणून तो निर्णय मला कठोर वाटला तरी योग्य वाटतो. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचलेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश प्रवेशिका अशाच फेरफारांमुळे बाद झाल्या, आणि त्यांत काही ठिकाणी वस्तू पुसली नव्हती, तर सावल्या इतक्या काळ्या केल्या होत्या की त्यात तपशील बुडून गेला. पट्टी ओढूनही वस्तू नाहीशी करता येते, हे त्यातून दिसले.

फोनने ही सीमारेषा आणखी अवघड केली आहे. रात्री फोनवर एक फोटो काढला असे आपल्याला वाटते तेव्हा त्याने सहसा लागोपाठ अनेक फ्रेम घेऊन, त्या एकमेकींवर जुळवून, त्यांची सरासरी काढलेली असते. अनेक फ्रेमांची सरासरी घेतली की वर सांगितलेला फोटॉनांचा चढउतार कमी होतो, त्यामुळे हे तंत्र प्रामाणिक भौतिकशास्त्रावर उभे आहे आणि मला त्यात गैर काही दिसत नाही. पण कॅमेऱ्यातले आणि नंतरचे यांच्यामधला काळ इथे शून्यावर आला आहे. त्यातही नोंदलेल्या प्रकाशावरून हिशेब करणे आणि नोंदलेच नाही ते अंदाजाने रंगवणे, यांत फरक करायला हवा. हा फरक पाहणाऱ्याला कळावा म्हणून फाइलसोबतच तिचा इतिहास, म्हणजे ती कोणत्या उपकरणात निघाली आणि तिच्यावर काय काय झाले, सही केल्याप्रमाणे बंदिस्त करून ठेवण्याची पद्धत आता येते आहे. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या लायका एम ११-पी या कॅमेऱ्यात ती सोय क्लिकच्या क्षणापासूनच आहे.

शिकणाऱ्याला मी एकच सराव सुचवते. महिनाभर रॉ आणि जेपेग दोन्ही एकत्र नोंदवावेत. दर आठवड्याला पाच फ्रेम निवडून रॉ फाइलवर शांतपणे काम करावे, आणि काम करताना ज्या ज्या ठिकाणी पट्टी कमी पडली, म्हणजे जळालेला खांदा, हललेले बोट, खांबातून उगवल्यासारखे दिसणारे डोके, ते वहीत लिहून ठेवावे. पुढच्या आठवड्यात कॅमेरा हाती घेण्याआधी ती यादी वाचावी. संपलेले काम लगेच कोणाला पाठवू नये. एक रात्र जाऊ द्यावी, सकाळी मूळ फाइल शेजारी उघडावी, आणि केलेला प्रत्येक बदल निम्मा करून पाहावा. माझ्याकडे त्या घड्याळवाल्या छायाचित्राच्या सात आवृत्त्या जपून ठेवलेल्या आहेत. शेवटच्या आवृत्तीत भिंतीवरची खुंटी दिसत नाही, पेटारे अंधारात आहेत, आणि चिमट्याच्या टोकाशी धरलेले चाक, जे पहिल्या आवृत्तीत शोधावे लागत होते, ते पाहता क्षणी दिसते.